साध्या पाण्याची ओळ

गारखेडा, औरंगाबाद
१८ जानेवारी २०१६

मोनिका,

नमस्कार वगैरे गृहीत धर. चार दिवस तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पानांचे नमुने येतात त्या रिकाम्या बर्फपेटीत हे पत्र घालून कंपनीचा ड्रायव्हर फकिरा याच्या जीपमधून पाठवते आहे. उत्तरही त्याच पेटीतून पाठव. याची एक प्रत कंपनीच्या फाइलला लागणार आहे, त्यामुळे तुला पाठ असलेलंही पुन्हा लिहिते. कंटाळा आला तरी वाच.

लासूरच्या जाळीघरात ज्वारीची दोनशे चाळीस झाडं आहेत. प्रत्येक झाडात दुष्काळात तग धरायला लावणारं एक जनुक मी घातलं आहे आणि त्याच्यापुढे माझा प्रमोटर जोडला आहे. प्रमोटर म्हणजे जनुकाचं बटण. दाबलं तर जनुक कामाला लागतं, नाहीतर गप्प बसतं. इतरांनी वापरलेली बटणं कायम दाबलेली असतात. झाड उगवल्या दिवसापासून दुष्काळाची तयारी करत बसतं आणि कणीस भरायचं राहून जातं. माझं बटण एका बुरशीच्या तुकड्यापासून केलेलं आहे आणि ते फक्त अल्कोहोलनं दाबलं जातं. पाऊस नीट झाला तर त्याला हात लावायचा नाही. पावसानं दगा दिला तर कंपनीचं औषध, म्हणजे पाण्यात थोडंसं अल्कोहोल, एकदा फवारायचं. झाड तेवढ्यापुरतं कणखर होतं. हा तुकडा मी सतरा वेळा कापला आणि सतरा वेळा जोडला. सहा वर्षं गेली त्यात.

११ जानेवारीला तुला चार ओळींवर औषध मारायचं होतं आणि चार ओळींवर साधं पाणी. १३ तारखेची पानं इथे आली. बटण दाबलेलं असेल तर पानाचा तुकडा आमच्या द्रावणात निळा होतो, नाहीतर पांढरा राहतो. आठही ओळी निळ्या झाल्या. साध्या पाण्याची पाचवी ओळ तर औषधाच्या ओळींहून गडद.

पंप धुतला नव्हतास की ओळी मोजताना लक्ष नव्हतं, एवढंच मला सांग. १५ मार्चला कंपनीचे प्रमुख मुकुंद सर यांच्यासमोर आढावा आहे. बटण आपोआप दाबलं जातं असं तिथे ठरलं, तर काम बंद होईल आणि झाडं, बी, सगळं जाळावं लागेल. वसतिगृहात चार वर्षं एका खोलीत काढली म्हणून जाळीघराच्या या नोकरीसाठी मी तुझं नाव सुचवलं होतं. त्याचा पश्चात्ताप व्हायची वेळ आणू नकोस.

चारुता


लासूर स्टेशन
२० जानेवारी २०१६

चारुताबाई,

फाइलला प्रत लागते ना? मग माझीही लाव.

पंप दोन होते. औषधाच्या पंपाला लाल चिंधी बांधली होती, पाण्याच्या पंपाला काही नाही. एका पंपाचा दुसऱ्याला स्पर्श झालेला नाही. ओळी मला मोजता येतात. प्रॅक्टिकलच्या वह्या सबमिशनच्या आदल्या दिवशी कुणाच्या रिकाम्या असायच्या आणि कोण भरून द्यायचं, हे तुला आठवत नसेल तर त्याही फाइलला लाव. मी पाण्याच्या ओळींवर पाण्याशिवाय थेंबभर काही मारलेलं नाही.

आणि मी विचारलं होतं, फवारणीच्या आधीची पानं का घेत नाहीस? तू म्हणालीस, पेटी मोकळी नाही, आढावा जवळ आला आहे, वेळ वाचव. आधीची पानं असती तर ती पांढरी होती की निळी हे आज कळलं असतं. आता कळत नाही, तर खापर माझ्या डोक्यावर. साधी गोष्ट तू कबूल करत नाहीस. तुझं बटणच कच्चं आहे. आपोआप दाबलं जातंय. सहा वर्षं घातलीस म्हणून ते पक्कं होत नाही.

राहिलं माझं नाव सुचवण्याचं. जाळीघर ज्या जमिनीवर उभं आहे ती माझ्या सासूबाईंची, सारजाबाईंची. जमीन भाड्यानं मिळावी म्हणून कंपनीनं मला ठेवलं. तुझे उपकार तुझ्याकडंच ठेव.

मोनिका


चिकलठाणा
२७ जानेवारी २०१६

मोनिका,

तुझं बोलणं मनावर घेतलं नाही, पण तपासून पाहिलं. त्याच बियांची चाळीस झाडं इथे प्रयोगशाळेत कुंड्यांत आहेत. त्यांना साधं पाणी मारलं. चाळीसही पांढरी. तुमच्या टँकरचं पाणी मागवून मारलं. पांढरी. तुझा पाण्याचा पंप फकिराकडून मागवला, त्याचं धुवण मारलं. पांढरी. म्हणजे माझं बटण कच्चं नाही. लासूरमध्ये कुणीतरी कच्चं आहे.

आता उरतो अल्कोहोलचा कॅन. हिशेबाप्रमाणे उरायला हवं होतं त्यापेक्षा अर्धा लिटर कमी परत आलं. हे अर्धा लिटर अल्कोहोल कुठे गेलं? पाण्याच्या ओळींवर गेलं असेल तर तुझी चूक. तिथे गेलं नसेल तर तुमच्या घरात पिणारं कुणी आहे का, हे मला विचारावं लागेल. तुझा नवरा कृष्णा जाळीघराच्या मोटारीचं काम बघतो, किल्ली त्याच्या हाताला लागते. मला कुणावर आळ घ्यायची हौस नाही, पण विचारणारे विचारणार.

तीस तारखेपर्यंत लेखी खुलासा दे. नाहीतर मी कार्यालयातून पत्र काढायला सांगेन, आणि त्या पत्राची भाषा माझ्याइतकी सौम्य नसेल.

चारुता


लासूर स्टेशन
३० जानेवारी २०१६

चारुता,

खुलासा घे. तू पाठवलेल्या फवारणीच्या कागदाच्या पहिल्या पानावर ओळीला शंभर मिली अल्कोहोल लिहिलं आहे. दुसऱ्या पानावर सव्वादोनशे. मी दुसरं पान धरलं, कारण त्यावर तुझी सही आहे. चार ओळींचा फरक काढ. बरोबर अर्धा लिटर येतो. दोन्ही पानं सोबत जोडली आहेत. खुलासा संपला.

आता माझं ऐक. कृष्णाचा थोरला भाऊ दारूपायी गेला. तू त्याच्या दहाव्याला आली होतीस. सासूबाईंच्या शेजारी बसून तूच त्यांच्या पाठीवरून हात फिरवलास. त्या घरात पिणारं कुणी आहे का, हे तू मला लिहून विचारतेस? तुझा हात कसा गं धजावला? कृष्णानं पत्र वाचलं. किल्ली खिळ्याला अडकवली आणि मोटारीला हात लावायचा नाही म्हणाला. तेव्हापासून मोटार मीच चालू करते.

तुम्हाला लासूर म्हणजे काय वाटतं मला माहीत आहे. आमच्या शिवारातल्या विहिरींवरून चिकलठाण्याच्या नव्या इमारतींना टँकर जातात. इथं बायका हंड्यासाठी भांडतात आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तुझ्या ज्वारीसाठी वेगळा टँकर येतो. मी खाली मान घालून तो उतरवून घेते. एक दिवस रजा मागितली नाही. ९ तारखेला आमची वेळ अमावस्या होती. सासूबाईंचं माहेर लातूरकडचं, त्या लग्न होऊन इथं आल्यापासून हा सण करतात. रानात कडब्याची खोप घालून पूजा मांडतात, सगळं घर रानात जेवतं. मी त्या दिवशीही जाळीघराची नोंदवही भरली. तुझा फकिरा कॅन घेऊन आला, तो खोपीत बसून मिसळभाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे जेवला, वर दोन तांबे आंबील प्याला. त्याला विचार आमच्या घरात काय पितात ते.

यापुढं मला कार्यालयातूनच पत्र पाठव. तुझी सौम्य भाषा मला नको.

मोनिका


चिकलठाणा
९ फेब्रुवारी २०१६

मोनिका,

विचारलं फकिराला. तू म्हणालीस म्हणून विचारलं. आमच्या घरात हा सण नाही, मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मी सहज म्हटलं, आंबील कशी होती? तो म्हणाला, "लई झणझणीत वो ताई. चार दिस मुरलेली, नाकात जायची. म्हातारीनं कडुलिंबाच्या डहाळीनं समद्या रानाला शिंपडली. जाळीघरातल्या जवारीला बी शिंपडली. मोनिकाताईनं कुलूप काढून दिलं की."

ज्वारीचं पीठ ताकात कालवून चार दिवस मडक्यात. मोनिका, तू कृषी पदवीधर आहेस. आंबतं तेव्हा काय तयार होतं? थोडंसंच, जिभेला कळणारही नाही एवढं, पण माझ्या बटणाला तेवढं पुरतं. फकिराला पाठवून तुझ्या सासूबाईंकडून आंबील करून मागवली. त्यांनी कशाला हवी हेही विचारलं नाही, वर लसणाची चटणी पाठवली. दहा कुंड्यांना साधं पाणी, दहांना ताजं ताक, दहांना आंबील. पाणी पांढरं, ताक पांढरं, आंबिलीची दहाही पानं निळीभोर. ज्वारीच्या पोंग्यात, शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, थेंब साचून राहतात आणि तिथेच आंबत बसतात. पाचवी ओळ दाराजवळची ना? म्हातारीनं तिथूनच सुरुवात केली असणार.

माझं बटण चुकलेलं नव्हतं. एकदाही चुकलेलं नव्हतं. हे लिहिताना मला आनंद झालाय की तुझा राग आलाय, हे मला सांगता येत नाही. तू सगळं बघितलंस. स्वतःच्या हातानं कुलूप काढलंस. आणि थेंबभर काही मारलेलं नाही असं मला लिहून दिलंस. तीन आठवडे मी झोपले नाही.

मला तुझ्याकडून लेखी हवं. तारीख, वेळ, कोण आत गेलं, काय शिंपडलं, कोणत्या ओळीपासून. सहीनिशी. त्याशिवाय १५ मार्चला माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. कृष्णाबद्दल लिहिलं ते मी मागे घेते.

चारुता


लासूर स्टेशन
१२ फेब्रुवारी २०१६

चारुता,

मागं घेतेस म्हणजे काय करतेस? ते पत्र सासूबाईंनी चिन्मयकडून, माझ्या पुतण्याकडून, वाचून घेतलं. मागं घ्यायचं तर इथं येऊन घे.

हो, कुलूप मी काढलं. चाळीस वर्षं ती बाई त्या तुकड्यावर आंबील शिंपडते. तीन वर्षांपूर्वी कंपनीनं जाळी ठोकली म्हणून रान परकं झालं, हे तिला मी कसं सांगायचं? "जाळीतल्या जवारीनं काय पाप केलंय?" म्हणाली. पाच मिनिटं आत गेली, डहाळी हलवली, बाहेर आली. मला वाटलं हा देवधर्म आहे. फवारणी म्हणजे पंप, औषध, माप. आंबील ही फवारणी आहे असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तुझ्याही आलं नसतं. तू विचारलंस काय मारलंस, मी मारलं ते सांगितलं. बाहेरचं माणूस आत गेलं होतं हे मात्र मी जाणूनबुजून दडवलं. कारण जाळीघरात परवानगीशिवाय कुणाला सोडलं तर नोकरी जाते, हे करारात लिहिलं आहे.

म्हणून लेखी देणार नाही. दोन वर्षं या रानात पेरलेलं उगवलं नाही. घरात येणारा पगार एकच, माझा. तुझं बटण वाचवायला मी तो देऊ? तुझ्याकडं कुंड्यांची निळी पानं आहेत, ती दाखव. कोण, कधी, कुठून हे कशाला हवं?

आणि एक सांगते, फुकट सांगते. घरच्या आंबिलीनं बटण दाबलं जातं ही गोष्ट तू मुकुंद सरांना आनंदानं सांगायला निघाली आहेस. आधी नीट विचार कर. तू हुशार आहेस, पण दुकानदाराच्या घरात तू कधी राहिली नाहीस.

मोनिका


गारखेडा
१७ मार्च २०१६

मोनिका,

परवा आढावा झाला. कार्यालयाचं पत्र तुला मिळालं असेल. तरीही माझ्याकडून ऐक.

मी कुंड्यांची पानं दाखवली. आढावा समितीच्या एका सदस्यानं विचारलं, लासूरला आंबीलच गेली याला पुरावा काय? माझ्यापुढे फकिराचा जबाब होता. तुझं पत्रही होतं. मी दोन्ही पुढे केली. बाहेरची व्यक्ती आत कुणी सोडली, असं त्यांनी विचारलं आणि मी तुझं नाव सांगितलं. परवानगीशिवाय जाळीघरात काही आत जाऊ नये, काही बाहेर येऊ नये, हा नियम मोडला गेला, असं टिपणही मीच लिहून दिलं होतं. मला वाटलं, त्यानं माझं बटण निर्दोष ठरेल. ठरलंही. सगळ्यांनी मान्य केलं की बटण आपोआप दाबलं जात नाही.

मग मुकुंद सर म्हणाले, "म्हणजे शेतकऱ्यानं घरची आंबील मारली तरी चालतं?" मी म्हटलं, हो सर. मोनिका, मी अभिमानानं म्हटलं. मला वाटलं, ते खूश होतील. कोणत्याही गावात, कोणत्याही मडक्यात तयार होणारी गोष्ट. ते चष्मा पुसत म्हणाले, "मग आपण विकायचं काय?" पुढची पाच मिनिटं दुसऱ्याच पिकाची चर्चा झाली.

काम बंद. प्रयोगशाळेतल्या कुंड्या काल माझ्यासमोर भट्टीत गेल्या. बियांच्या पिशव्या मोहोर लावून समितीनं ताब्यात घेतल्या, त्याही गेल्या. लासूरची झाडं २५ तारखेपर्यंत जाळायची आहेत आणि तो तुझ्या नोकरीचा शेवटचा दिवस. तू मला आधीच सावध केलं होतंस. मला वाटलं, तू चिडून लिहिते आहेस. तुझं नाव मी सांगायला नको होतं. सांगून काही वाचलं नाही. वाचलं असतं तरी नको होतं.

हे पत्र फाइलला जाणार नाही. वाचून फाडून टाक. ती कणसं आता पक्व झाली असतील. पाचव्या ओळीतलं एक, एकच, पेटीत बर्फाखाली ठेवून पाठव. फकिराला काही सांगू नकोस. दुसऱ्या कुठल्या तरी संस्थेत, सरकारी, गरीब, कुठेही, मी पुन्हा सुरू करेन. आंबिलीवर चालणारी ज्वारी, मोनिका. ती तुमच्याच कामाची आहे. तुझ्याकडून काही मागायचं तोंड मला उरलेलं नाही, हे मला कळतं. तरी मागते.

चारुता


लासूर स्टेशन
२६ मार्च २०१६

चारुता,

काल जाळलं. समितीचे दोघं आले होते. त्यांनी सावलीत बसून चहा घेतला आणि मोजायचं काम माझ्यावर टाकलं. मी कणसं कापत गेले, पराग उडू नये म्हणून बांधलेल्या कागदी पिशव्यांसकट, आणि ओळीवार ढीग घातले. त्यांनी एकदाही उठून पाहिलं नाही.

तुझं पत्र मी फाडलं नाही. वाचलं, दोनदा वाचलं. पाचव्या ओळीत अकरावं झाड सगळ्यांत चांगलं होतं. पाणी तोडूनही पानं हिरवी होती आणि कणीस मुठीत मावत नव्हतं. ते मी हातात घेतलं. पेटी समोर होती, बर्फ होता, फकिरा दूर झाडाखाली लवंडला होता. तू म्हणतेस ते खरं आहे, ही ज्वारी आमच्याच कामाची होती. तू मला फोनवर दोन शब्द आधी बोलली असतीस, मुकुंद सरांपुढं जायच्या आधी एकदा इथं येऊन कृष्णासमोर उभी राहिली असतीस, तर ते कणीस मी पेटीत घातलं असतं. कदाचित नसतंही घातलं. पण एवढा वेळ ते हातात धरून उभी राहिले नसते.

परवानगीशिवाय जाळीघरातून काही बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे तूच माझ्याविरुद्ध लिहून दिलंस. मी ते कणीस ढिगावर ठेवलं. दोनशे चाळीस मोजली, दोनशे चाळीस लिहिली, तेवढीच जाळली. एक दाणा घरात ठेवला नाही. पंचनाम्याची प्रत सोबत आहे. किल्लीही पेटीत आहे.

धूर बघून सासूबाई बांधावरनं धावत आल्या. "अगं, उभी जवारी जाळायलीस व्हय? गुरं छावणीत हंबरायलीत. कडबा तरी दे त्यातला," म्हणाल्या. मी म्हटलं, देता येत नाही, हुकूम आहे. त्यांनी विचारलं, "कुणाचा हुकूम?"

मी तुझं नाव सांगितलं.

मोनिका